कालीपाचं दार

सारी-जार गावात एखादी नवी सून अगदीच मुखदुर्बळ निघाली, विचारलेल्याचं उत्तरही देईना, की बायका तिला म्हणतात, "अगं, खोक तरी. कालीपासारखी दार धरून बसू नकोस." वरच्या आळीतल्या पोरींना कालीपा ही कुठल्याशा जुन्या गोष्टीतली बाई वाटते. ती खालच्या आळीत निळ्या फाटकाच्या घरात राहते, चांगली धडधाकट आहे, आणि दुकानात हे वाक्य कानावर पडलं तर पीठ न घेताच घरी परतते, हे त्यांना ठाऊक नसतं.

कालीपा लग्न होऊन आली ती खिंडीपलीकडून. माहेर मेंढपाळाचं. उन्हाळाभर कुरणावर, नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, तंबूत मुक्काम. तिकडे संडास नावाची वस्तूच नव्हती. गवत कमरेएवढं, घागरे घेरदार आणि माणसं शहाणी. कुणी टेकडीआड निघालं की बाकीच्यांना आपोआप दुसऱ्याच टेकडीत काहीतरी बघण्यासारखं दिसू लागे. एवढा मोठा डोंगर आडोशाला असताना लाजायचं कशाला? लाज म्हणजे काय, ते तिला सासरी फळ्यांच्या एका खोक्यानं शिकवलं.

ते खोकं अंगणाच्या पार टोकाला, तबेल्याच्याही पलीकडे उभं होतं. खोल खड्डा, त्यावर जाड फळ्या, मधोमध भोक, डोक्यावर पत्रा. भिंतीत एक खिळा आणि खिळ्याला टोचलेले वर्तमानपत्राचे तुकडे. हे तुकडे एनेनी, म्हणजे सासूबाईंनीच, फाडायचे असा घरचा नियम. एने चष्मा लावून आधी पान न् पान तपासत आणि मोठमोठ्या पुढाऱ्यांचे फोटो कापून बाजूला काढत. उगाच कुणी काही बघायचं आणि वर कळवायचं. त्या फोटोंचं पुढं काय करावं हे मात्र त्यांना उमगत नसे. फेकवत नाहीत, चुलीत घालवत नाहीत. म्हणून ते गादीखाली साठत गेले, आणि एने कैक वर्षं अख्ख्या सरकारवर पाठ टेकून झोपल्या.

हिवाळ्यात तिथं बसणं ही धीराची गोष्ट होती. वारा खालून येई. खड्ड्यातलं सगळं थिजून त्याचा सुळका वर वर चढू लागे, आणि तो फळ्यांच्या जवळ आला की घरचा कर्ता पुरुष पहार घेऊन तो फोडायला जाई. हे काम करताना तोंड मिटून ठेवायचं असतं, हे प्रत्येक पुरुष आयुष्यात एकदाच शिकतो. शेजारच्या एका घरी कोंबड्याला आतल्या उबेची सवय लागली होती. तो आधीच जाऊन बसे आणि आलेल्या माणसाला पाहून हलायचं नाव घेत नसे.

दाराला आतून कडी नव्हती. चामड्याची एक वादी होती, ती हातानं ओढून धरायची. कडीचं काम खोकल्यानं भागे. येणाऱ्यानं तबेल्यापाशी खोकायचं, आत कुणी असलं तर त्यानं आतून खोकायचं, मग येणारा घोड्याला पेंढा घालायलाच आलो होतो असं दाखवून मागं फिरे. घरातल्या प्रत्येकाचा खोकला प्रत्येकाला ओळखू यायचा. सासऱ्यांचा खोकला खडकावरून दगड घरंगळल्यासारखा, एनेचा बारीक आणि रागीट, नवरा जेकशेन याचा खोकला उगाचच दोनदा.

आणि इथंच कालीपाचं अडलं. सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, त्यांच्याकडे पाठ करायची नाही, त्यांच्या कानी आपला आवाज पडू द्यायचा नाही, हे तिला आईनं बजावून पाठवलं होतं. (तिनं ते नाव आजतागायत उच्चारलेलं नाही, तेव्हा इथंही ते नकोच.) मग खोकायचं कसं? खोकला हाही आवाजच. शिवाय तो ऐकून सासऱ्यांना कळणार की सून आत आहे. आणि एकदा ते कळलं, की संध्याकाळी त्याच हातानं त्यांच्यापुढे चहाची वाटी कशी धरायची?

त्यावर तिनं तोड काढली होती. सासरे बाहेरच्या बाकावर खोगीर दुरुस्त करत बसलेले असले, की ती राखेची बादली उचलायची. राख खड्ड्यातच टाकायची असते, वास मरतो, त्यामुळे बादली हातात असली की माणूस कामाला निघालेलं दिसतं. पाठ दिसू नये म्हणून ती तिरकी तिरकी चालायची आणि तबेल्याचा कोपरा वळला की पळायची. एनेनी एकदा जेकशेनला सांगितलं की तुझी बायको फार टापटिपीची आहे, चुलीत राख म्हणून ठेवत नाही.

पहिल्याच हिवाळ्यात, ऐन थंडीत, हिवाळ्याच्या मांसासाठी घरी घोडा कापायचा दिवस आला. अंगणात सकाळपासून पुरुषांची गर्दी. कुणी आतडी धुतंय, कुणी फासळ्या वेगळ्या करतंय, आणि सगळ्यांना दर थोड्या वेळानं चहा हवा. कालीपा चहाचं पाणी उकळणारा समोवार आणि अंगण यांच्यामध्ये फिरत होती. बाहेर जायची सोयच नव्हती, कारण वाटेवरच मांस पसरलेलं. दुपार कलली तेव्हा तिला उभं राहवेना. तिनं बादली उचलली, मान खाली घातली आणि पुरुषांच्या मधून वाट काढत गेली. कुणी तिच्याकडे पाहिलंही नाही. सुनेनं राख टाकायला जाण्यात पाहण्यासारखं काय होतं?

ती आत शिरली, वादी धरली, आणि तबेल्यापाशी दगड घरंगळले.

कालीपानं श्वास रोखला. सासरे पुन्हा खोकले. थोडं थांबले. आतून काहीच उत्तर नाही म्हटल्यावर ते पुढं आले आणि त्यांनी दार ओढलं. कालीपानं दोन्ही हातांनी वादी आवळली. दार जरासं हललं आणि जागच्या जागी बसलं.

दार गोठणं ही नवी गोष्ट नव्हती. पत्र्यावरून ठिबकलेलं पाणी उंबऱ्याशी गोठायचं. सासऱ्यांनी उंबऱ्यावर दोन लाथा घातल्या, आणखी एकदा ओढून पाहिलं, मग पहार आणली. तेवढ्यात मांस कापणाऱ्यांतले दोघे, कोपरापर्यंत रक्तानं माखलेले, मदतीला आले.

"दार गोठलंय," सासरे म्हणाले.

पहारीनं उचकटू म्हणाला एक. दुसरा म्हणाला की फळीच मोडेल, मग हिवाळाभर उघड्यावर बसाल. मग थंडीत लाकूड कसं आक्रसतं की फुगतं यावर वाद झाला, आणि आणखी काही माणसं ऐकायला आली. आत कालीपा वादीला लोंबकळून उभी होती. भोवतीच्या फटींतून तिला रक्ताळलेल्या बाह्या आणि दाढ्यांवरचं बर्फ दिसत होतं. आता खोकावं तर इतक्या सगळ्यांपुढं. आधी खोकली असती तर एकट्या सासऱ्यांपुढं झालं असतं. शरमेचं असंच असतं, पहिल्यांदा चुकवली की ती माणसं गोळा करून परत येते.

"गरम पाणी ओता," अखेर कुणीतरी म्हणालं. "सुनेला हाक मारा. समोवारातलं घेऊन येऊ दे."

मग सगळेच हाका मारू लागले. "सूनबाई! अगं सूनबाई, पाणी आण!" घरातून उत्तर येईना. हाका वाढल्या. शेवटी एने वैतागून दारात आल्या.

"ओरडताय काय? आत्ताच राख टाकायला गेलीय ती."

राख कुठं टाकतात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सासऱ्यांनी पहार अलगद भिंतीला टेकवली. "राहू दे," ते म्हणाले. "जुनं दार आहे. उन्हाळ्यात बघू." आणि त्यांनी सगळ्या पुरुषांना तबेल्याच्या अलीकडे नेलं, आणि तिथं घोड्याच्या चरबीवर इतक्या मोठ्यानं बोलायला सुरुवात केली की एरवी दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारा हा माणूस प्यायला की काय, असं लोकांना वाटलं.

बऱ्याच वेळानं एने आल्या आणि दाराबाहेर बारीक, रागीट खोकल्या. कालीपा बाहेर आली. हातांना वादीचे वळ पडले होते. बादली हातात होती, आणि राख तशीच काठोकाठ भरलेली. ती टाकायचीच राहिली.

शेजारच्या घरी साकिश नावाची मुलगी त्याच वर्षी सून म्हणून आली होती. ती भिंतीपलीकडे गोवऱ्या रचत होती आणि तिनं सगळं पाहिलं होतं. साकिश मनानं वाईट नव्हती, फक्त एखादी गोष्ट पोटात ठेवली की तिला अन्न पचायचं नाही. दिवेलागणीपर्यंत खालची आळी हसली, दुसऱ्या दिवशी वरची. म्हण तयार व्हायला तेवढा वेळ पुरला.

सासऱ्यांनी तो विषय कधी काढला नाही. त्या संध्याकाळी त्यांनी तिच्या हातून वाटी घेतली ती भिंतीकडे बघत. तेव्हापासून ते बाहेर जायला निघाले की घराच्या पायरीपासूनच खोकायला लागत, आणि तबेला येईपर्यंत खोकतच राहत. गावातल्या डॉक्टरनं त्यांना छातीचं औषधही देऊन पाहिलं. ते मुकाट्यानं प्यायले. कालीपा चुलीपाशी बसून तो खोकला ऐकायची आणि तिचे कान तापायचे. त्यांनी रागावून दोन शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

पुढं ते गेले, एनेही गेल्या. कालीपाला मूल झालं, मेदेर. सामुदायिक शेती मोडली, मेंढ्या वाटल्या गेल्या. घर तिच्या हाती आलं तेव्हा तिनं सगळ्यात आधी जेकशेनकडून नवा खड्डा खणून घेतला. दाराचं तोंड डोंगराकडे फिरवलं, आत लोखंडी कडी बसवली, वाऱ्यासाठी फटींवर नमदा ठोकला, राखेची पेटी, तीत पळी, कोट टांगायला आकडा. दर वसंतात चुना. जुना खड्डा बुजवून तिथं सफरचंद लावलं. ते असं फळलं की लोक कलम मागायला येत, आणि त्याचं गुपित कुणी विचारत नसे, कारण ते प्रत्येकाच्याच घरी होतं. जिल्ह्याहून शाळा तपासायला साहेब आले की हेडमास्तर त्यांना हळूच कालीपाच्या अंगणाची वाट दाखवायचे. तिला त्याचा अभिमान वाटे, आणि असल्या गोष्टीचा अभिमान वाटतो याची लाजही.

साकिशशी तिचं सूत कधी जुळलं हे दोघींनाही सांगता येणार नाही. शेजार चुकत नाही. जेकशेन उन्हाळ्यात जनावरं घेऊन कुरणावर जायचा, तेव्हा सफरचंदाखालच्या लाकडी माचावर कालीपा, साकिश आणि पलीकडची उपेल अशा तिघींची बैठक सकाळी बसायची ती ऊन उतरेपर्यंत. एक करार मात्र न बोलता पाळला जाई: या घरात त्या दिवसाची गोष्ट निघायची नाही. साकिशनं तो पाळला, हे तिचं आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम असावं.

गेल्या वसंतात मेदेरचं लग्न झालं. सून बेगिमाय, शहरातली, बँकेत कामाला होती. पोरगी गुणी. माचावरच्या म्हाताऱ्यांसमोरून जाताना दर वेळी थांबून, छातीशी हात नेऊन, कमरेत वाकून सलाम करायची. आणि म्हाताऱ्याही दर वेळी एकेक करून, बालाम म्हणजे लेकरू म्हणत, आशीर्वाद द्यायच्या. "सुखी राहा, बालाम." "मुलंबाळं होवोत, बालाम." उपेलला ऐकू कमी येतं, म्हणून ती दोनदा द्यायची. आजकालच्या पोरी वाकत नाहीत, तुझी वाकते, असं साकिश म्हणाली की कालीपा ताठ बसायची.

बेगिमाय चहा घेईना. सगळ्यांना ओतायची, स्वतः वाटी ओठाला लावून खाली ठेवायची. टरबूज कापलं तर फोडी वाटून आपण सालं गोळा करायची. कालीपाला वाटलं, शहरातली आहे, वजनाला जपत असेल. मग पोरीचा चेहरा ओढला, पाठ दुखू लागली, आणि एका सकाळी ती तापानं फणफणली.

गावच्या नर्सनं तिला तपासलं, दार लावून बराच वेळ काहीबाही विचारलं, आणि जाताना कालीपाला फाटकापर्यंत सोबत घेतलं. लघवीला संसर्ग झालाय, म्हणाली. गोळ्या दिल्यात, बरं वाटेल. पण पोरगी दिवस दिवस बाहेर जात नाही. पाणी पीत नाही ते त्यासाठीच.

कालीपाला पटेना. का जात नाही? असा संडास उभ्या जिल्ह्यात नाही.

"संडास छान आहे तुमचा," नर्स म्हणाली. "पण त्याची वाट तुमच्या मांडीवरून जाते."

नर्स गेल्यावर कालीपानं माचाकडे पाहिलं. तो बरोब्बर वाटेवर होता. जाताना तीन म्हाताऱ्यांपुढे, हातात झारी घेऊन, वाकायचं. चार आशीर्वाद घ्यायचे. किती वेळ लागला हे त्या तिघींना कळणार, आणि येताना पुन्हा तेच. इतकी वर्षं तिनं फटी बुजवल्या, कडी बसवली, तोंड डोंगराकडे फिरवलं, आणि वाटेवर स्वतःच येऊन बसली. तिच्या सासऱ्यांना निदान ठाऊक नव्हतं की आत कोण आहे. ती तर रोज त्या पोरीला येता-जाता पाहत होती, आशीर्वाद देत होती, आणि मैत्रिणींपुढं मिरवत होती. तिला अंगणात उभं राहवेना. ती घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं मेदेरला माच उचलून घराच्या मागं, तबेल्याच्या भिंतीला लागून ठेवायला सांगितलं.

"आपा," तो आईला म्हणाला, "तिथं सावली नाही. शेणाचा ढीग आहे. माशा आहेत."

"सांगितलं तेवढं कर."

बेगिमाय उठून हिंडू-फिरू लागली तोवर तिघींची बैठक मागच्या बाजूला बसायला लागली होती. समोर मातीची भिंत, अंगावर ऊन, नाकात शेण. उपेलनं दोन दिवस सोसलं. साकिशनं मात्र पहिल्या दिवसापासून तोंड सोडलं होतं. म्हातारपणी भिंतीशी लग्न लावलंस का, म्हणाली. आणखी चार वर्षांनी आम्हाला गव्हाणीत बसवशील. तिसऱ्या दुपारी बेगिमाय चहा ओतत होती आणि साकिशनं सरळच विचारलं.

"खरं काय ते सांग. सफरचंदानं तुझं काय घोडं मारलं?"

कालीपानं सुनेकडे पाहिलं. पोरीची मान खाली, कान लाल, हातातली किटली थांबलेली. तिला कारण कळलं होतं, आणि ते आता चारचौघींत निघणार या भीतीनं ती जागच्या जागी थिजली होती. अशी कशी थिजतात, ते कालीपाला कुणी सांगायला नको होतं.

"माझ्यासाठी हलवलाय," कालीपा म्हणाली. "वय झालं. मला सारखं जावं लागतं. तुमच्या डोळ्यांदेखत किती वेळा जाऊ?"

साकिशचा चेहरा उजळत गेला. इतकी वर्षं बांधून ठेवलेलं गाठोडं मालकिणीनंच आपल्या हातानं सोडलं होतं.

"अगं बाई," ती म्हणाली, "म्हणजे अजून तेच? उपेल, ऐकतेस का? हिची लाज अजून गेली नाही." आणि बेगिमायकडे वळून, "तुला ठाऊक तरी आहे का, पोरी, तुझी सासू कोण आहे?"

मग तिनं सगळं सांगितलं. पहार, रक्ताळलेल्या बाह्या, लाकूड आक्रसतं की फुगतं, आणि हाका. हाका तिनं उभं राहून, हात तोंडाशी धरून मारून दाखवल्या. उपेलला ऐकू जावं म्हणून शेवटचा भाग पुन्हा झाला. दोघी पदरानं डोळे पुसपुसून हसल्या. कालीपा पायाच्या बोटांकडे पाहत बसली. हसायचा प्रयत्न तिनं केला, पण ओठ हलेनात. मान, गळा, कान, सगळं पेटलं होतं. इतक्या वर्षांत त्यातली एक ठिणगीही विझली नव्हती. सुनेपुढं तर ते आणखीच वाईट. बेगिमाय हसली नाही. तिनं तिघींच्या वाट्या भरल्या, आपलीही भरली आणि ती किटली घेऊन घरात गेली.

मैत्रिणी गेल्यावर कालीपा वाट्या घेऊन आत आली. बेगिमाय पाण्याच्या टोपाशी बसली होती. तिनं वर न पाहता एकेक वाटी विसळली.

"एने, फार लाज वाटली?"

"अजून वाटते," कालीपा म्हणाली. "मघाशी तर जास्तच."

ती फडक्यानं वाट्या पुसू लागली. मग बेगिमाय हळूच म्हणाली की शहरात त्यांच्या घरी तर सगळं आतच आहे. दोन खोल्या. स्वयंपाकघराला लागूनच दार. एकजण आत असला की बाकीचे पलीकडे जेवत असतात, सगळं ऐकू येतं.

कालीपाचा हात फडक्यावर थांबला. "जेवतात? त्याच छपराखाली?"

"हो."

"आणि बाप जेवायला बसलेला?"

"बाबा पण."

कालीपानं गालावर हात ठेवला. बिचारी माणसं, तिच्या मनात आलं; इतकी शिकलेली, आणि त्यांना डोंगर सोडा, साधा तबेलाही मध्ये नाही.

"मग करता काय तुम्ही?"

"नळ सोडून ठेवतो," बेगिमाय म्हणाली. "जोरात. आईला वाटतं, त्यामुळे कुणाला काही कळत नाही."